मान धरली का, पालथी पडली का... आणि मधलं कोणी विचारतच नाही

अर्धवट_झोपलेला

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

लेक साडेचार महिन्यांची झाली. नातेवाइकांचे फोन येतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच तीन. मान धरली का? पालथी पडली का? वजन किती? धरली, अजून नाही, सहा किलो दोनशे. संपला फोन. परवा आत्याचा आला तेव्हा मी चौथ्या प्रश्नाची वाट बघत होतो, तर "बरं ठेवते, दूध उतू जातंय" झालं.

मला सांगायचं होतं वेगळंच. ती अडीच महिन्यांची असताना एका रविवारी दुपारी लाइट गेलेली, मी पाळण्याशेजारी पेपरने वारा घालत बसलेलो. तर हिची उजवी मूठ वर आली आणि तोंडासमोर थांबली. आपोआपच आली असणार, पण हिचं लक्ष गेलं. आणि मग जी बघायला लागली... मंडईत आई वांगं कसं फिरवून फिरवून बघते, कीड आहे का म्हणून, तशी मूठ मनगटातून हळूहळू वळवून बघत होती. डोळे थोडे तिरळे. मध्येच हात दमून खाली पडला की चेहऱ्यावर "अरे, आत्ता तर इथे होती". परत वर. वीसेक मिनिटं चाललं हे. त्याआधी तोच हात ती सारखा स्वतःच्या तोंडावर आपटून घ्यायची, नखांनी ओरबाडून घ्यायची आणि रडायची, जणू दुसऱ्याच कोणी मारलं. मी बायकोला हाक पण मारली नाही, म्हटलं आवाजाने मोडेल.

आता हे कुठल्या फोनवर सांगू? ते माता-बाल संरक्षण कार्ड असतं त्यात महिन्यांप्रमाणे चित्रं छापलेली आहेत, त्यात पण हे नाही. म्हणून इथे विचारतोय, तुमच्या पोराबाळांचं असं काय बघितलंत जे तुम्हाला कोणी विचारलंच नाही? मोठे टप्पे नकोत, किरकोळच सांगा.

(बायको सोमवारपासून ऑफिसला जायला लागली. २६ आठवड्यांची रजा ऐकायला मोठी वाटते, त्यातले सहा बाळंतपणाआधीच गेले. दिवसा आई असते घरी.)

अळणी_वरण

जागा धरून ठेवतोय. रात्री दोनच्या दुधाला वाचेन.

सायली७

किती गोड लिहिलंय! वांग्याला हसले खूप.

आमच्याकडे कुकर. लेक तीन महिन्यांचा होईपर्यंत शिट्टी झाली की दोन्ही हात पसरून दचकायचा, मी कणीक मळता मळता धावायचे. मग पाचव्या महिन्यात कधीतरी लक्षात आलं की शिट्टी व्हायच्या *आधी* हा गप्प होतो. म्हणजे ते फुस्स फुस्स सुरू झालं की खेळणं सोडून द्यायचं, तोंड उघडं, श्वास धरलेला, डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे. आणि शिट्टी वाजली की पूर्ण अंग हलवून हसायचं. दुसरीला परत तेच. वरणभाताला माझ्या तीन शिट्ट्या असतात. एकदा मी दोनवर गॅस बंद केला तर केवढा वैतागला, त्याचा हिशेब चुकला ना!

आज सहावीत आहे, गणितात बरा आहे, बाकी काही म्हणणं नाही.

खवचट_काका

आमच्या वेळी नव्हते हे लाड. घरात पोर असायचं, आणि ते वाढायचं. मूठ बघते, कुकर ऐकतो, यावर धागे काढायचे म्हणजे तुम्हा लोकांना वेळ फार.

सायली७

काका, तुम्ही तो पूर्ण वाचून वर प्रतिसाद पण दिलात (डोळा मारणारी बाहुली)

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या पोट्ट्याची गोष्ट ऐका. पहिला महिनाभर रडायचा म्हणजे कसा, पूर्ण मोहल्ला जागा, पण डोळे कोरडेच. एक थेंब नाही. माझी सासू म्हणे नाटकी आहे, बापावर गेला. मले वाटलं काही प्रॉब्लेम तर नाही, म्हणून डॉक्टरले विचारलं तर ते म्हणे सुरुवातीचे काही हप्ते आसू येतच नाही बाळांले, येतील.

मग दीड महिन्याची सुई. मांडीत टोचली, एक सेकंद काहीच नाही, तोंड लाल, आवाज बंद, अन मग जो भोंगा काढला. अन डाव्या डोळ्यातून एक, फक्त एक आसू निघाला अन नाकाच्या कडेले येऊन अडकला. तिथंच राहिला. मी रुमाल काढला अन पुसलाच नाही, पाहतच राहिलो. नर्स म्हणे अहो बाबा, कापूस दाबून धरा ना मांडीवर! त्या दिवशी पोट्ट्यापेक्षा बापाचेच जास्त निघाले. नाटकी खानदान.

बत्तीस_आठवडे

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

वजन किती हा प्रश्न तुम्हाला कंटाळवाणा वाटतो कारण तुमचं उत्तर सहा किलो दोनशे आहे. माझी मुलगी बत्तीसाव्या आठवड्यात झाली, १३८० ग्रॅम. पहिल्या चार दिवसांत उतरून १२९० झालं. काचेच्या पेटीत होती. रोज सकाळी सहाला सिस्टर वजन करायच्या आणि मी पावणेसहापासून बाहेरच्या बाकावर. त्या बाहेर येऊन नुसता आकडा सांगायच्या. "वीसने वाढलं." वीस ग्रॅम म्हणजे काय हो, पाच चमचे साखर. मी नवऱ्याला फोन करून वीस म्हणायचे आणि तो ऑफिसात पेढे आणू का विचारायचा.

मग कांगारू केअर सुरू झाली. पेटीतून काढून माझ्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधायच्या, वरून गाऊन. रोज पाच-सहा तास मी खुर्चीत तशीच. इतक्या जवळून तिचं काय काय बघितलं मी. तिचे कान इतके मऊ होते की माझ्या अंगाशी दाबला जाऊन दुमडला की दुमडलेलाच राहायचा, पुरीची कड दुमडल्यासारखा. मी बोटाने सरळ करायचे. दिवसातून दहा वेळा तेच काम. आणि तिसरा का चौथा आठवडा असेल, मी सरळ करायला बोट नेलं आणि बोट लागायच्या आत कान आपला आपण सरळ झाला. टुणकन. मी सिस्टरना हाक मारून दाखवलं, त्यांनी परत दुमडून बघितला, परत सरळ. दोघी हसलो.

तर तुम्ही किरकोळ विचारलंत म्हणून हे. पण आकड्यांना नावं ठेवू नका, आम्ही आकड्यांवरच दिवस काढलेत.

अर्धवट_झोपलेला

ताई, सॉरी. मनापासून. हे डोक्यातच आलं नव्हतं. आता कशी आहे लेक?

बत्तीस_आठवडे

सॉरी नको हो. चार वर्षांची आहे, आत्ता मागे उभी राहून "कोणाशी बोलतेस" विचारतेय आणि कान म्हणाल तर ऐकायच्या कामाला अजिबात वापरत नाही.

टाळूवर_तेल

व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ आहे, एरवी इथे पाककृतीत असतो. दोन गमती सांगतो.

बत्तीस_आठवडे ताई, तुम्ही जे कानाचं बघितलंत ते आमच्या तपासणीत आहे. बाळ नेमक्या किती आठवड्यांचं आहे हे ठरवायला आम्ही त्वचा, तळपायाच्या रेषा वगैरेंबरोबर कान दुमडून सोडतो, किती पटकन सरळ होतो बघतो. कानातली कूर्चा, म्हणजे ते लवचिक मऊ हाड, जसजशी घट्ट होते तसा तो उडी मारून परत येतो. म्हणजे तुम्ही कुणी न शिकवता परीक्षा घेत होतात.

आणि धागाकर्ते, तुमच्या वांग्याला पण नाव आहे. हँड रिगार्ड. साधारण दोन ते चार महिन्यांत दिसतं. हाताला जे जाणवतं आणि डोळ्याला जे दिसतं ते एकच आहे याची सांगड बसते, म्हणून तर पुढे वस्तूकडे बघून हात लांबवता येतो. जन्मतः बाळाला वीस-तीस सेंटीमीटरवरचं बरं दिसतं, म्हणजे मांडीवरून आईचं तोंड असतं तेवढं. तुमच्या लेकीने तेवढ्याच अंतरावर मूठ धरलेली असणार.

ताईंसारख्यांसाठी एक लिहून ठेवतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे टप्पे मोजताना तेवढे आठवडे वजा करायचे असतात, दोन वर्षांपर्यंत. बत्तीसाव्या आठवड्याचं बाळ सहा महिन्यांचं झालं की टप्प्यांच्या हिशेबात चारचं. हे घरच्यांना माहीत नसतं आणि शेजारच्या बाळाशी तुलना करून आईचा जीव खातात.

अर्धवट_झोपलेला

म्हणजे चार्टमध्ये नसलेलं म्हणून मी जे सांगितलं ते पण तुमच्या चार्टमध्ये निघालं! (कपाळावर हात मारणारी बाहुली)

तांबडा_पांढरा

लय भारी धागा भावा.

डॉक्टर, एक इचारतो. आमचा बारका साडेधा महिन्याचा हाय, अजून रांगत न्हाई. बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत जातो, बोटीगत, एक हात वल्ह्यासारखा मारत. घरात सगळी म्हणत्यात रांगलं न्हाई तर पाय कच्चं ऱ्हात्यात. वॉकर घ्यावा का? आमच्याकडं आज्ज्याच्या टायमाचा पांगुळगाडा पण हाय माळ्यावर, सागवानी, तीन चाकाचा, त्यावर माझा बाप चालला, मी चाललो. दांडीला माझ्या दाताच्या खुणा हायत्या अजून.

टाळूवर_तेल

वॉकर नको. हे ठामपणे. पोर त्यात बसून टाचा न टेकता भर्रकन जिना, गॅस, बादली कुठेही पोचतं, आपण बघेपर्यंत. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आणि चालायला लवकर शिकतं हा गैरसमज आहे.

पांगुळगाडा वेगळा, त्यात बाळ उभं राहून स्वतः ढकलतं. दांडीवरच्या दाताच्या खुणांवर रंग-पॉलिश काही नाही ना तेवढं बघा, कारण तो पण चावणारच. आणि गाडा भिंगरीसारखा पळायला लागला तर मागे फडकं अडकवा.

रांगण्याचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतली मुलं बघितली होती, त्यात चारेक टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरी चालली. एकट्याने चालण्याचा काळ त्यात आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, तर २०२२ मध्ये टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. तुमचा बोटवाला सरकतोय ना, धरून उभा राहतो ना, खेळणं मागतो ना? मग चालेल. पुढच्या लसीला तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवा म्हणजे घरचे गप्प बसतील.

तांबडा_पांढरा

धरून हुबा ऱ्हातोय की, परवा म्हशीची शेपटी धरून हुबा ऱ्हाईला. म्हस पण गरीब, हललीच न्हाई.

सायली७

म्हशीच्या शेपटीला कुठल्याच देशाच्या चार्टमध्ये जागा नाही. जिंकलात.

चिंचगुळाची_आमटी

रांगण्यावरून आठवलं, आमच्याकडे (रत्नागिरी) प्रत्येक टप्प्याला काहीतरी करून वाटायची पद्धत. पालथं पडलं की करंज्या. उंबरा ओलांडला की गूळखोबरं. माझ्या सासूबाईंनी नातू पालथा पडला तेव्हा वाडीत एकवीस घरी करंज्या पाठवल्या. तो त्यानंतर आठ दिवस पालथा पडलाच नाही, लोक बघायला येत होते.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे असं काही नाही बा, आमच्याकडे डायरेक्ट उष्टावणालेच जेवण. पण करंज्या ही चांगली आयडिया आहे, पोरगं वर्षाचं होईस्तोवर पाच-सहा वेळा खायले मिळेल.

अळणी_वरण

आमचा तीन आठवड्यांचा आहे आणि झोपेत हसतो. ओठाचा एकच कोपरा वर जातो. काय बघतो काय माहीत. आई म्हणते सटवाई हसवते.

चिंचगुळाची_आमटी

हो, माझी आजी सांगायची. सटवाई झोपलेल्या बाळाच्या कानात येऊन म्हणते तुझी आई मेली. तर बाळ हसतं, म्हणतं मी तर आत्ताच तिचं दूध प्यायलो. मग म्हणते तुझा बाप मेला. तेव्हा बाळ रडतं, कारण बाप कुठे आहे ते त्याला माहीतच नसतं.

अर्धवट_झोपलेला

हे जरा लागलं हो.

टाळूवर_तेल

सटवाईच्या हद्दीत आम्ही जात नाही. पण दीड-दोन महिन्यांचा झाला की जागेपणी तुमच्या तोंडाकडे बघून हसेल, दोन्ही कोपऱ्यांनी. तो फरक तुम्हाला सांगावा लागणार नाही.

इसार_काठचा

म्युनिकहून. इथे जर्मनीत बाळाला एक पिवळी वही मिळते, तपासण्या ऊ-१, ऊ-२ अशा नंबराने, प्रत्येकीची पानं भरायची. माझी बायको त्या वहीला कुंडलीच म्हणते.

मी सात महिने रजेवर घरी होतो. इथे आईबाप मिळून चौदा महिन्यांपर्यंत पालकभत्ता वाटून घेता येतो, आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, वर १८०० युरोंची मर्यादा. बायको नोकरीवर परत गेली आणि मी आणि पोरगा. सासूबाई नाहीत, आई नाही, मालीशवाली बाई नाही, बाहेर उणे सहा. पहिले पंधरा दिवस मी बाथरूममध्ये जाऊन रडायचो हे पण लिहितो.

आता किरकोळ. सकाळी पोहे करायचो आणि फोडणीची मोहरी उडायची. सातव्या महिन्यात हा फरशीवरच्या मोहरीच्या दाण्यावर पूर्ण पंजा मारायचा, झाडूसारखा, सगळी बोटं एकदम. दाणा पुढे घरंगळायचा, हा मागे. हाती काही लागायचं नाही, फक्त पंजाला तेल. मग हळूहळू अंगठा बाजूला निघाला. दाणा अंगठा आणि बाकीच्या चार बोटांत चेपायचा, उचलताना सुटायचा. आणि नवव्या महिन्यात एक दिवस बसला, वाकला, बाकीची तीन बोटं चक्क मिटून घेतली, आणि तर्जनी-अंगठ्यात ती मोहरी धरली. आपण रांगोळी धरतो तशी. मला दाखवली. मग अर्थातच तोंडात.

दोन महिने एका मोहरीमागे. मी नोकरीत दोन महिन्यांत इतकं काहीच शिकलेलो नाही.

खवचट_काका

मोहरी केराच्या आधी उचलायची पद्धत आहे आपल्यात. पण सात महिने बापाला रजा! इथे केंद्र सरकारी बापाला १५ दिवस मिळतात, खासगीत तर कायद्याने काहीच नाही. पंधरा दिवसांत बारसं आटपतं फक्त.

वऱ्हाडी_ठेचा

आता खरा वाद काढतो. पहिला शब्द काय? आमच्याकडे "बाबा". बायको अजून बोलत नाही माझ्याशी धड.

सायली७

हा अन्यायच आहे. नऊ महिने पोटात आम्ही वागवायचं, रात्री आम्ही उठायचं, आणि हे बा-बा-बा-बा. आणि बाप गावभर सांगतो मला हाक मारली. तो चमच्याला पण बाबाच म्हणत होता!

इसार_काठचा

कारण सोपं आहे, बा म्हणायला ओठ मिटून उघडले की झालं. "आई"ला ओठ लागतच नाहीत, नुसते स्वर. त्यामुळे आई म्हटलं की रडला हे कळत नाही.

बत्तीस_आठवडे

उलट बघा. म्हणजे जन्मल्यापासून जे रडतात ते सगळं आईच म्हणतात. बाबा आठव्या महिन्यात आले.

सायली७

बत्तीस_आठवडे ताई, या वाक्याची फ्रेम करून हॉलमध्ये लावतेय.

तांबडा_पांढरा

आमचा "मामा" म्हणला. मामा त्या दिवशी कोल्हापुरातनं सायकल घिऊन आला. धा महिन्याच्या पोराला. चोवीस इंची.

पाळणाघर_डोंबिवली

सगळा धागा वाचला. बावीस वर्षं पाळणाघर चालवतेय, माझं एक गुपित सांगते, इथे माझ्याकडचे पालक नसावेत अशी आशा.

आमच्याकडे सकाळी साडेसातपासून पिल्लं यायला लागतात, आईबाप लोकलच्या घाईत, संध्याकाळी कोणी सातला येतं, कोणी साडेसातला. आता दिवसभर बाळ आमच्याकडे म्हटल्यावर पहिलं पाऊल कुठे पडणार? दहातली सात तरी आमच्या सतरंजीवरच पडतात. आम्ही ते कधीच सांगत नाही. माझ्याकडे नवीन मावशी लागली की पोळ्या-बिळ्यांच्या आधी हे शिकवते. दारात आई दिसली की तोंडातून निघता कामा नये.

मागच्या वर्षीची गोष्ट. एका छोकरीने सोमवारी दुपारी चार पावलं टाकली. खिडकीत कबूतर बसलं होतं, त्याच्याकडे निघाली, टीपॉयचा हात सुटला हे तिला कळलंच नाही. चौथ्या पावलाला कळलं आणि बदकन बसली. आम्ही तिघी तोंडावर हात ठेवून. संध्याकाळी आई आली तिला म्हटलं, "आज फार उभी राहत होती गं, घरी जरा खुर्च्या बाजूला सरकवून ठेव, कधीही निघेल." बुधवारी सकाळी आई व्हिडिओ दाखवत आली, डोळे भरलेले. मी पण "अगंबाई, चालली!" केलं. खोटं नाही वाटत मला ते. तिच्यासाठी ते पहिलंच होतं की.

सायली७

काकू!!! माझा मुलगा पाळणाघरातच होता. "घरी लक्ष ठेवा, दोन दिवसांत रांगेल" असं सांगितलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी रांगला, मी अकरा वर्षं सगळ्यांना सांगतेय की त्या बाईंना काय अनुभव आहे, बरोब्बर ओळखलं!

पाळणाघर_डोंबिवली

अनुभव तर आहेच गं (जीभ चावणारी बाहुली)

इसार_काठचा

मला सात महिन्यांची रजा होती म्हणून मी वर एवढं ऐटीत लिहिलं, आता जरा लाज वाटतेय.

खवचट_काका

बरं, आता लिहितोच.

मी एस्टीत होतो. कंडक्टर. मुक्कामी गाडी, म्हणजे संध्याकाळी निघायचं, शेवटच्या गावात गाडीतच झोपायचं, सकाळी पहिली फेरी घेऊन परत. घरी आलो की मी झोपायचो आणि पोरगा जागा, तो झोपला की माझी ड्यूटी. रजा मागितली असती तर मिळाली असती, मागितली नाही. ओव्हरटाइम दिसत होता.

आषाढीला जादा गाड्यांवर पंढरपूरला गेलो तेव्हा तो नुसता बसत होता, उशीला टेकून. नऊ-दहा दिवसांनी आलो, दारात बघतो तर ट्रंकेला धरून उभा. मी हात पुढे केले. त्याने खाकी शर्टाकडे बघितलं आणि जो काय रडायला लागला, आईच्या पदरात तोंड खुपसलं ते बाहेरच काढेना. बायको म्हणाली अहो शर्ट काढा आधी. शर्ट काढला तरी रडतच होता. सटवाईचं कोणीतरी वर लिहिलंय ते बरोबर आहे.

आता त्याची मुलगी माझ्याकडे असते, नऊ ते सहा. सव्वाआठ महिन्यांची. मला खोकल्याची सवय आहे. तर महिन्याभरापासून मी खोकलो की ती पण खोकते. खोटं खोटं. खो खो असं दोनदाच. आणि लगेच माझ्या तोंडाकडे बघते, बरोबर झालं का. मी परत खोकतो, ती परत. काल दुपारी आमचं हे पंधरा मिनिटं चाललं होतं, शेवटी शेजारच्या वहिनी विचारायला आल्या डॉक्टरला बोलवू का.

पोरगा घरी आला की त्याला सांगतो, तो मोबाइलमध्ये बघून हं हं म्हणतो. मी पण असाच हं म्हणत असणार.

बत्तीस_आठवडे

काका...

वऱ्हाडी_ठेचा

काका तुम्ही आयडी बदला आता. खवचट राहिले नाही तुम्ही.

खवचट_काका

फार लाडात येऊ नका. तुमच्या "आसू"ला मराठीत अश्रू म्हणतात.

अर्धवट_झोपलेला

धागा वर काढतोय, दहा दिवसांनी.

पालथी पडली! काल संध्याकाळी, आमच्या दोघांसमोर. मला घरी यायला सात चाळीस झाले, बायको दहा मिनिटं आधी आलेली. आई म्हणाली, आधी हातपाय धुऊन या दोघं आणि इथे बसा जरा, ती केव्हाची एकटी खेळतेय. एरवी आई मी आलो की आधी चहा विचारते. बसलो. लेक खाली गोधडीवर उताणी. पाय वर करून अंगठा धरला, मग दोन्ही पाय एका बाजूला टाकले, कंबर वळली, खांदा वळेना. तशीच अर्धी, कुशीवर, दिवाणाखाली गेलेला चेंडू काढताना आपण कसे कण्हतो तसं उं उं करत. आणि मग एकदम, धप्प. डावा हात छातीखाली अडकलेला. मान कासवासारखी वर. आमच्याकडे बघितलं, आम्ही अचानक उलटे कसे झालो असा चेहरा, आणि मग परत वळता येईना म्हणून भोकाड.

आई "अगंबाई! पडली की गं पालथी!" म्हणाली, गालावर हात ठेवून.

आता आमच्या आईला अभिनय येत नाही. लहानपणी माझ्या वाढदिवसाची भेटवस्तू ती कधीच लपवू शकली नाही. आणि एक म्हणजे लेक रोज बेडवर असते, दोन्हीकडून उशा लावून. काल गोधडी खाली जमिनीवर होती, नीट चार घड्या घातलेली, आसपासचं सगळं उचललेलं. रात्री पाणी प्यायला उठलो, फ्रिज उघडला तर दोन नारळ खवून ठेवलेले आणि करंजीचा रवा भिजवलेला. काल सकाळी डबा भरताना तिथे काहीच नव्हतं.

चिंचगुळाची_आमटी, आमचं आजोळ पण रत्नागिरीकडचंच.

पाळणाघर_डोंबिवली

दादा, आईंना काही विचारू नका हं.

अर्धवट_झोपलेला

नाही विचारणार काकू. फक्त करंज्या किती खाल्ल्या विचारू नका.

अळणी_वरण

आमचा आज हसला. दोन्ही कोपऱ्यांनी. पहाटे चार वाजता, लंगोट बदलताना.

खवचट_काका

छान छान. ते सगळं राहू दे, अर्धवट, लेकीचं वजन किती झालं?

अर्धवट_झोपलेला

सहा किलो चारशे, काका.